अँटीसायकॉटिक औषधं: विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकिॲट्रीची पोस्टिंग लागली की प्रत्येक बॅच तेच प्रश्न घेऊन येते. वर्गात कुणी विचारत नाही, वॉर्डातून कँटीनकडे जाताना विचारतात. नर्सिंग, फार्मसी, एमबीबीएस, सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच. अँटीसायकॉटिक म्हणजे भास-भ्रम आणि टोकाचा संशय असलेल्या मनोविकारांवरची औषधं. त्यांबद्दलचे काही प्रश्न इथे उतरवले आहेत. डोसचे आकडे औषध समजावं म्हणून दिलेत, केस पेपरवर लिहिण्यासाठी नव्हेत.

ही औषधं आजार बरा करतात की नुसतं गुंगवून ठेवतात?

दोन्ही गोष्टी होतात, पण त्या वेगवेगळ्या रिसेप्टरवर आणि वेगवेगळ्या वेळी. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप, मेंदूतली रसायनं त्यात किल्लीसारखी बसतात. गुंगी येते ती हिस्टामिनचा एच-१ रिसेप्टर अडल्यामुळे, पहिल्याच रात्री. भास (म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं) आणि संशय उतरतात ते डोपामिनचा डी-२ रिसेप्टर अडल्यामुळे. त्याची सुरुवात पहिल्या आठवड्यात दिसू शकते, पण पुरता फरक कळायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशी नातेवाईक विचारतात, "नुसता झोपतोय, आवाज कुठे गेलेत?" तेव्हा गोंधळू नका. आवाज बहुधा एकदम बंद होत नाहीत. रुग्ण सांगतात, "येतात, पण लांबून येतात" किंवा "येऊ देत, मी लक्ष देत नाही." हे सुधारणेचंच लक्षण आहे. नर्सिंग नोट्समध्ये ते रुग्णाच्याच शब्दांत लिहा.

एकच रिसेप्टर अडवल्यावर फायदाही आणि तोटाही, हे कसं?

घरातला एक नळ गळतोय म्हणून गच्चीवरच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, तर गळती थांबते आणि स्वयंपाकघरही कोरडं पडतं. तसंच हे. मेंदूत डोपामिनच्या चार मुख्य वाटा पाठ करायच्या असतात. मेसोलिंबिक वाटेवर डोपामिनचा जोर जास्त झाल्यामुळे भास-भ्रम होतात, तिथे अडवणूक हवीच आहे. मेसोकॉर्टिकल वाटेवर आधीच कमतरता असते, तिथे अडवलं तर माणूस आणखी मख्ख होऊ शकतो. नायग्रोस्ट्रायटल वाट हालचालींची, तिथे अडवलं की कडकपणा आणि कंप येतो. चौथी ट्युबेरोइन्फंडिब्युलर, तिथे डोपामिन प्रोलॅक्टिनला, म्हणजे दूध आणणाऱ्या हार्मोनला, दाबून ठेवतं. तो दाब सुटला की पाळी चुकते, बाळंतपण नसताना छातीतून दूध येतं, पुरुषांची लैंगिक इच्छा कमी होते. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइड यात पुढे. या तक्रारी रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत, विचाराव्या लागतात.

मेंदूच्या पेट स्कॅनवरून ढोबळ हिशेब असा मिळतो: साधारण ६५ टक्के डी-२ रिसेप्टर अडले की गुण दिसू लागतो, ७८ टक्क्यांच्या वर गेलं की हालचालींचे त्रास वाढतात. या दोन आकड्यांमधली पट्टी अरुंद आहे. "डोस वाढवला की गुण वाढतो" हे म्हणूनच एका मर्यादेपर्यंतच खरं.

याचा शोध कसा लागला?

शस्त्रक्रियेच्या टेबलावर. हेन्री लाबोरी हे फ्रेंच नौदलातले सर्जन शॉक कमी करणारं औषध शोधत होते. क्लोरप्रोमाझिन दिलेले रुग्ण जागे असूनही आजूबाजूच्या गोष्टींबद्दल बेफिकीर दिसतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५२ मध्ये पॅरिसच्या सांत-आन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. औषध वापरात आलं तेव्हा ते कसं चालतं हे कुणालाच माहीत नव्हतं. १९६३ मध्ये अर्विद कार्लसन यांनी रिसेप्टर अडण्याची कल्पना मांडली.

आपल्याकडचा धागाही इथेच आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेबद्दल लिहिलं होतं, रक्तदाब आणि वेड या दोन्हींसाठी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधा आणि रक्तदाबावरचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात आला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. सर्पगंधेतलं रेसर्पिन रिसेप्टर अडवत नाही. ते डोपामिन मेंदूच्या पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांमध्ये भरूच देत नाही, साठाच रिकामा करतं. मनोविकारांसाठी ते मागे पडलं. पण पिशव्या भरणारा हाच पंप अडवणारी टेट्राबेनाझिन आणि व्हॅल्बेनाझिन आज अँटीसायकॉटिकच्याच एका दुष्परिणामावर वापरतात. तो पुढे येईल.

टिपिकल आणि एटिपिकल यात खरा फरक किती?

परीक्षेत लिहा: जुनी म्हणजे टिपिकल औषधं मुख्यतः डी-२ अडवतात, नवी म्हणजे एटिपिकल त्याबरोबर सेरोटोनिनचा ५-एचटी-२ए रिसेप्टरही अडवतात, म्हणून हालचालींचे त्रास कमी. वॉर्डात मात्र ही विभागणी फार मनावर घेऊ नका. अमिसल्प्राइड ५-एचटी-२ए ला जवळजवळ शिवतही नाही, तरी ते एटिपिकल. रिस्पेरिडोनचा डोस चढवला की ते हॅलोपेरिडॉलसारखं वागतं. २००५ च्या अमेरिकेतल्या केटी (CATIE) अभ्यासात जुन्या-नव्या औषधांची तुलना केली, त्यात १४९३ रुग्ण होते. १८ महिन्यांच्या आत ७४ टक्के रुग्णांनी सुरुवातीला मिळालेलं औषध सोडलं किंवा बदललं, आणि जुनं परफेनाझिन बहुतेक नव्या औषधांच्या बरोबरीने टिकलं. ओलान्झापिन थोडं जास्त टिकलं, पण वजनही त्यानेच सगळ्यात जास्त वाढवलं.

"दुष्परिणाम आजारासारखा दिसतो" असं सर म्हणतात, म्हणजे काय?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

इंटर्न असताना पाहिलेली गोष्ट. विशीतला मुलगा, भरती होऊन चौथा दिवस, हॅलोपेरिडॉल चालू. सकाळपासून वॉर्डात येरझाऱ्या. पलंगावर बसवला की अर्ध्या मिनिटात उठायचा. केस पेपरवर तीन पाळ्यांत तीनदा तीच ओळ: "पेशंट रेस्टलेस, हॅलोपेरिडॉल ५ एमजी आयएम दिलं." त्यातली एक ओळ माझ्या अक्षरात होती. प्रत्येक इंजेक्शननंतर थोडी गुंगी, मग येरझाऱ्या आणखी जोरात. चौथ्या पाळीला आलेल्या जुन्या सिस्टरांनी त्याला नुसतं विचारलं, "बाळा, चलबिचल मनात आहे की पायात?" तो म्हणाला, "पायात. मला बसायचंय हो, पायच बसू देत नाहीत." ती अकॅथिसिया होती. आम्ही ज्यावर औषध देत होतो ते त्याच औषधाने झालं होतं. डोस उतरवला, प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं, आणि तीन दिवसांनी तो मांडी घालून जेवताना दिसला.

हालचालींचे चारही त्रास असेच वेष बदलून येतात. तीव्र डिस्टोनिया पहिल्या काही तासांत ते चार-पाच दिवसांत होतो, तरुण पुरुषांत जास्त: मान एका बाजूला ओढली जाते, जीभ बाहेर येते, डोळे वर चढून तिथेच अडकतात. बघणारा म्हणतो नाटक करतोय, घरचे म्हणतात अंगात आलं. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की साधारण अर्ध्या तासात मान सरळ होते. अकॅथिसिया दिवसांत-आठवड्यांत येते आणि आजार चिघळल्यासारखी दिसते. ती सहन न होऊन आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. पार्किन्सनिझम आठवड्यांत येतो: चेहरा निर्विकार, हात न हलवता चालणं, आवाज बारीक. त्याला आपण "निगेटिव्ह लक्षणं" (आजारातच बोलणं, भावना, उत्साह आटणं) किंवा उदासी समजतो. हाताचं मनगट धरून फिरवून बघा, दाते असलेल्या चाकासारखं अडकत फिरतं का. आणि महिन्या-वर्षांनी येतो टार्डिव्ह डिस्किनेशिया: तोंड चघळल्यासारखं हलत राहतं, ओठ चाटले जातात, जीभ आत-बाहेर होते. ओपीडीत एका आजोबांना वॉर्डबॉय मामांनी दटावलं होतं, "तंबाखू थुंकून या आधी." तोंडात काहीच नव्हतं.

मग ट्रायहेक्सिफेनिडिल सगळ्यांनाच सुरू करून टाकलं तर?

नको. ट्रायहेक्सिफेनिडिल हे हालचालींच्या त्रासांवरचं औषध. डिस्टोनिया आणि पार्किन्सनिझमवर ते चालतं, अकॅथिसियावर फारसं नाही, आणि टार्डिव्ह डिस्किनेशिया त्याने उलट वाढू शकतो. शिवाय बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, वयस्कांत विसरभोळेपणा आणि गोंधळ. काही जण त्याची नशाही करतात. आधी डोस कमी होतो का ते बघायचं. टार्डिव्हसाठी वर सांगितलेली पंप अडवणारी औषधं आहेत.

हॅलोपेरिडॉलबरोबर फेनर्गन का देतात?

फेनर्गन म्हणजे प्रोमेथाझिन. ते एच-१ अडवून झोप आणतं आणि मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवून डिस्टोनिया टाळतं. खवळलेल्या रुग्णाला ही जोडी द्यावी का, याच्या चाचण्या रिओ आणि आपल्या वेल्लोरमध्ये झाल्या आहेत. रिओतल्या एका चाचणीत नुसतं हॅलोपेरिडॉल मिळालेल्या गटात डिस्टोनिया इतका दिसला की ती चाचणी आधीच थांबवावी लागली. लक्षात ठेवायची दुसरी जोडी म्हणजे न देण्याची: ओलान्झापिन आणि लोराझेपॅम ही दोन्ही इंजेक्शनं एकत्र नकोत, श्वास आणि रक्तदाब खाली जातात.

पित्ताच्या गोळीने आजीचे हात थरथरू लागले, असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि आपल्याकडे हे बरंच होतं. आपल्या बाजारात पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलबरोबर लिव्होसल्पिराइड एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं. लिव्होसल्पिराइड हे डी-२ अडवणारं औषध आहे, अमिसल्प्राइडच्याच घराण्यातलं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करसाठीचं प्रोक्लोरपेराझिन त्याच पंगतीतली. चार दिवसांसाठी लिहिलेली गोळी आजी केमिस्टकडून वर्षभर आणत राहते आणि मग न्यूरोलॉजीच्या ओपीडीत पार्किन्सनची फाइल उघडते. थरथर घेऊन आलेल्या प्रत्येक वयस्क रुग्णाची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा. डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून हे त्रास त्याने क्वचित होतात, पण प्रोलॅक्टिन तेही वाढवतं.

ताप आला आणि अंग ताठ झालं, पॅरासिटामॉल देऊन थांबायचं?

थांबायचं नाही. ताप, शिशाच्या नळीसारखा ताठरपणा, शुद्ध हरपत जाणं, घाम, आणि नाडी-रक्तदाब कधी वर तर कधी खाली: हा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतो. पुढचा डोस रोखा, लगेच डॉक्टरांना बोलवा, सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी) पाठवा. अंग थंड करणं, सलाइन, आयसीयू. गरजेप्रमाणे ब्रोमोक्रिप्टिन, डँट्रोलीन, लोराझेपॅम. सेरोटोनिन सिंड्रोमशी गल्लत होते. त्यात जुलाब, मोठ्या झालेल्या बाहुल्या, पायांना झटके आणि तासांत चढणारा वेग दिसतो. इथे गती दिवसांची असते.

वजन का वाढतं?

एच-१ आणि ५-एचटी-२सी अडले की भूक भागतच नाही. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यात सगळ्यात पुढे, ॲरिपिप्राझोल आणि लुरासिडोन मागे. साखर मात्र वजन वाढण्याच्या आधीही बिघडू शकते. सुरू करण्यापूर्वी वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि लिपिड नोंदवा. कंबरेची भारतीय मर्यादा पुरुषांत ९० सेंटीमीटर, स्त्रियांत ८०. टेप वॉर्डात कधीच सापडत नाही, स्वतःच्या खिशात ठेवा.

क्लोझापिनला एवढं घाबरतात का, आणि तरी देतात का?

१९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिनवर असलेल्या आठ रुग्णांचा पांढऱ्या पेशी संपल्यामुळे मृत्यू झाला आणि औषध जवळपास बाद झालं. १९८८ मध्ये जॉन केन यांच्या अभ्यासात, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांना क्लोझापिनने गुण आला, क्लोरप्रोमाझिनने फक्त ४ टक्क्यांना. तेव्हा ते परत आलं, पण रक्ततपासणीची अट घेऊन. दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसा काळ देऊन हरली की पुढचं नाव क्लोझापिन. माझं मत विचाराल तर ते आपल्याकडे फार उशिरा सुरू होतं.

सुरुवात १२.५ मिलिग्रॅमने आणि चढण हळू. पहिले १८ आठवडे सर्वांत जोखमीचे, तेव्हा दर आठवड्याला न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मोजायचे. १५०० च्या खाली गेले तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढची गोळी नाही. घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी सीबीसी. पहिल्या महिन्यात ताप, धडधड आणि दम असेल तर हृदयाच्या स्नायूची सूज मनात आणा. ४८ तासांपेक्षा जास्त डोस चुकले की जुन्या डोसवर उडी नाही, पुन्हा १२.५ पासून.

रक्ताच्या धाकात पोट विसरलं जातं. क्लोझापिन आतडी मंद करतं, आणि आतडी पूर्ण थांबून रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. "आज साफ झालं का?" हा प्रश्न रोजच्या राउंडचा. आणि सकाळी उशी ओली का, हेही बघा. लाळ इतकी सुटते की रात्री ठसका लागतो.

बिडी सोडली तर औषध बदलावं लागतं, हे खरं?

गोळी तीच राहते, डोस बदलावा लागतो. बिडी-सिगारेटच्या धुरातले हायड्रोकार्बन यकृतातलं सीवायपी १ए२ हे एन्झाइम वाढवतात. क्लोझापिन आणि ओलान्झापिन त्याच वाटेने मोडतात. दिवसाला बंडल ओढणारा माणूस भरती झाला, बिडी बंद झाली, की आठवड्याभरात क्लोझापिनची पातळी दीडपट किंवा जास्त चढू शकते: गुंगी, लाळ, कधी फिट. सुट्टी मिळून घरी गेला, बिडी पेटली, पातळी उतरली, आवाज परत. नातेवाईक म्हणतात गोळ्या घेत नाही, आणि तो बिचारा घेत असतो. इथे दोष निकोटिनचा नाही, धुराचा आहे. म्हणून मळलेली तंबाखू किंवा निकोटिनची पट्टी ही कामगिरी करत नाही. केस पेपरवर "तंबाखू: होय" एवढं पुरत नाही. ओढतो की खातो, ते लिहा.

लुरासिडोन रिकाम्या पोटी घेतलं तर?

बराचसा डोस वाया. किमान ३५० कॅलरीचं जेवण हवं, म्हणजे दोन पोळ्या, भाजी, वरण. चहा-बिस्किटावर भागत नाही. झिप्रासिडोनला तर ५०० लागतात.

ॲरिपिप्राझोल अडवतं की चालू करतं?

थोडं थोडं दोन्ही. ते डी-२ ला घट्ट चिकटतं, पण डोपामिनच्या मानाने किल्ली अर्धीच फिरवतं. डोपामिन जास्त तिथे ते कमी करतं, कमी तिथे थोडं भरून काढतं. त्यामुळे प्रोलॅक्टिन उतरतं आणि वजन फारसं वाढत नाही. पण अकॅथिसियातून सुटका नाही. हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, ७५ तासांच्या आसपास, म्हणून डोस बदलल्यावर दोन आठवडे तरी निकाल लावू नका. डी-२ ला हातच न लावणारं झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते मस्कॅरिनिक वाटेने जातं. विषय स्वतंत्र, म्हणून इथे एवढंच.

डेपो इंजेक्शन देताना काय चुकतं?

डेपो म्हणजे एकदा दिलं की काही आठवडे पुरणारं इंजेक्शन. फ्लुफेनाझिन आणि हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट तिळाच्या तेलात असतात, म्हणून आधी तिळाची ॲलर्जी विचारा. सुई आणि सिरिंज कोरडी हवी, पाण्याच्या थेंबाने द्रावण गढूळ होतं. तेल जाड, बारीक सुईतून येत नाही. कातडी एका बाजूला ओढून झेड पद्धतीने द्या आणि नंतर चोळू नका. पॅलिपेरिडोन पाल्मिटेट मात्र तेलात नसतं, ते आधी जोरात हलवावं लागतं, आणि पहिले दोन डोस दंडात. डेपो रक्तात शिरतं तेच इतक्या सावकाश की स्थिर पातळीला काही महिने लागतात, म्हणून सुरुवातीला काही दिवस गोळ्याही चालू असतात. उतरणंही तितकंच सावकाश, त्यामुळे डेपोचा दुष्परिणामही रेंगाळतो.

या गोळ्यांची सवय लागते का?

दारूसारखी तलफ येत नाही. पण एकदम सोडल्या तर झोप उडते, मळमळते, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार परतू शकतो.

घरचे विचारतात, गोळी भाजीत किंवा चहात मिसळून देऊ का?

हा प्रश्न हळू आवाजात येतो, बहुधा आईकडून. रागावू नका, ती थकलेली असते. पण तोटे तिला स्पष्ट सांगा. अर्धी भाजी ताटात राहिली तर डोस किती गेला कळत नाही. मान वाकडी झाली तर का झाली हे त्याला सांगता येत नाही. आणि "माझ्या जेवणात काहीतरी कालवतात" हा ज्याचा संशय आहे, त्याच्या जेवणात आता खरंच काहीतरी कालवलेलं असतं. त्यापेक्षा डेपोबद्दल त्याच्याशी डॉक्टरांनी उघड बोलावं, असं सुचवा. तो राजी असेल आणि फक्त गोळी गिळवत नसेल, तर रिस्पेरिडोनचं द्रावण मिळतं. ते पाण्यात, कॉफीत, संत्र्याच्या रसात किंवा कमी सायीच्या दुधात चालतं. चहात आणि कोलात चालत नाही.